इंजिन बदललं, पण रेडिएटरचा फॅन फिरत नाही? नवी मोटर घेण्याआधी हे तपासा



१ जून ते ३१ जुलै या बंदीत बोटी किनाऱ्याला लागतात आणि गाड्या गॅरेजला. पिकअपचं किंवा टेम्पोचं इंजिन बसलं असेल तर दुसऱ्या गाडीचं चांगलं इंजिन बघून तेच चढवायचं, असं आपल्यातले बरेच जण करतात. खर्च वाचतो, गाडीही धावते. पण ऑगस्टमध्ये पहिला माल भरला की तक्रार ठरलेली: गाडी तापते, फॅन फिरत नाही. बेळगावला जाताना चोर्ला घाटात गाडी अशी उभी राहिली की इंजिन थंड होईपर्यंत बर्फ पाणी होतो, आणि उशिरा पोचलेल्या बांगड्याला काय भाव मिळतो ते आम्ही सांगायला नको.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, "मोटर गेली, नवी घाला." नवी घालतात, तीही फिरत नाही. आमच्या पाहण्यात इंजिन बदललेल्या गाडीत मोटर जळलेली क्वचितच निघते. दोष असतो तो मोटरपर्यंत जाणाऱ्या वायरिंगमध्ये, आणि त्यातही जास्त करून अर्थिंगमध्ये.

असं का होतं ते आधी समजून घ्या. जुन्या डिझेल गाड्यांत फॅन इंजिनवरच बसवलेला असतो. इंजिन फिरलं की फॅन फिरतो, वायरचा संबंधच नाही. दुसरं इंजिन घातलं की त्याची लांबी-उंची वेगळी पडते, फॅन रेडिएटरच्या मधोमध येत नाही. म्हणून तो काढून बॅटरीवर चालणारा फॅन लावतात. आता हा फॅन फिरायला इंजिन तापल्याची खबर देणारा स्विच, रिले, फ्यूज आणि अर्थ ही चारही कामं बरोबर लागतात. कंपनीच्या गाडीत ती कारखान्यातून येतात, आपल्या गाडीत ती सगळी हाताने जोडलेली असतात.

बोटवाल्यांसाठी एक गोष्ट. बोटीच्या इंजिनला असा फॅन नसतो, तिथे समुद्राचं पाणीच इंजिन थंड ठेवतं. त्यामुळे इंजिन तापलं की आपला हात आधी पाण्याच्या पंपाकडे जातो. गाडीत पाणी भरलेलं असतं, पंपही चालू असतो, तरी रेडिएटरमधून वारा गेला नाही तर ते पाणी थंड होणार कसं?

आता तपासणी. गाडी कधी तापते ते पहिल्यांदा बघा. उभ्या गाडीत, बाजाराच्या गर्दीत, घाटात हळू चढताना तापते आणि सपाट रस्त्यावर वेग घेतला की काटा खाली येतो, तर संशय फॅनवर. सपाट रस्त्यावर भरधाव असतानाही तापत असेल तर फॅनच्या मागे लागू नका. तिथे वारा आपोआप मिळतो. रेडिएटर चोंदलेला, पाण्याचा पंप किंवा हेड गॅस्केट बघा. पाणी परत परत कमी होत असेल आणि इंजिन चालू असताना रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येत राहत असतील तर गॅस्केटचाच संशय धरा. पण हे बघायचं तर इंजिन थंड असताना झाकण काढून मगच सुरू करा. गरम रेडिएटरचं झाकण कोणीही उघडू नये, वाफेने तोंड भाजतं.

फॅनवर संशय असेल तर इंजिन बंद करा आणि फॅनचा कपलर सुटा करा. बॅटरीवरून दोन जाड वायर थेट फॅनला द्या, पॉझिटिव्ह वायरमध्ये फ्यूज ठेवून. पात्यांपासून हात लांब. फॅन जोरात फिरला तर मोटर चांगली आहे, पैसे खिशातच ठेवा. अजिबात फिरला नाही, किंवा हाताने ढकलल्यावरच फिरला, तर मात्र मोटर गेली. गाडी १२ व्होल्टची की २४ ची आणि फॅन कितीचा, तेही इथेच बघून घ्या. मोठ्या ट्रकमधून काढलेला २४ व्होल्टचा फॅन पिकअपला लावला तर तो नुसता रेंगाळतो. उलटं केलं तर मोटर जळते.

मोटर चांगली निघाली की अर्थ बघा. यावर आम्ही जास्त लिहितो आहोत, कारण घोळ इथेच असतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चासीशी त्याचा वीजेचा संबंध येतो तो फक्त एका जाड अर्थ पट्टीमुळे. जुनं इंजिन काढताना ही पट्टी त्याच्याबरोबर भंगारात जाते आणि नव्याला लावायची राहते. इंजिन तरी सुरू होतं, कारण वीज ॲक्सिलरेटरच्या केबलमधून नाहीतर दुसऱ्या कुठल्या वाटेने रस्ता काढते. स्टार्टर जड फिरतो, केबल गरम लागते. पण तापमानाचा एका वायरचा स्विच इंजिनच्या लोखंडातूनच अर्थ घेतो. तो अर्थ कच्चा असला की फॅनला खबरच पोचत नाही.

त्यात आपल्या गाड्या जेटीवरच्या. क्रेटमधून खारं पाणी गळतं, चासीवर सुकतं. अर्थचा नट वरून घट्ट दिसतो, खाली हिरवट-पांढरा थर धरलेला असतो. वायर ओढून बघून हे कळत नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी फॅनच्या निगेटिव्ह वायरवर. फॅन चालू असताना आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब. फॅनला वीज येते आहे पण तो फिरत नाही आणि मीटर बारा-एक व्होल्ट दाखवतो, तर अर्थ तुटलेलाच आहे. रंग खरवडून चकचकीत लोखंड काढा, तिथे थिंबल घट्ट बसवा आणि वरून ग्रीस लावा. आमचं तर म्हणणं असं की, फॅनचा अर्थ चासीवर न देता वायर सरळ बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्यावी. दोन मीटर वायर जास्त लागेल, लागू दे.

रिलेचं काम साधं आहे. त्याला चार पिना असतात. ३० नंबरला बॅटरीचा पॉझिटिव्ह फ्यूजमधून येतो, ८७ वरून फॅनला जातो, ८५ आणि ८६ ही आतल्या कॉईलची दोन टोकं. कॉईलला वीज मिळाली की टिक आवाज येतो. टिक येते पण फॅन गप्प, तर ३० आणि ८७ वर वीज बघा. टिकच येत नाही, तर खबर देणारा स्विच किंवा त्याची वायर बघा. इथे काही ठिकाणी वायरिंग बारीक वापरलेलं आढळतं. मोठा फॅन २० ते ३० अँपिअर खेचतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी जास्त. हेडलाइटच्या जाडीची वायर त्याला पुरत नाही, सॉकेट वितळतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्या जागी तांब्याची तार घालणारे महाभाग आहेत. गाडी पेटवायची असेल तरच तसं करा.

आता स्विच. फॅनचा स्विच आणि काट्याचा सेन्सर दिसायला भावासारखे, पण काम वेगळं. स्विच ठराविक तापमानाला फक्त चालू किंवा बंद होतो. सेन्सर तापमानाप्रमाणे काटा वर-खाली करतो. सेन्सरची वायर रिलेला जोडली तर फॅन वेळेवर लागत नाही. कोणता आहे ते ओळखायला एका वायरच्या स्विचची वायर काढून अर्थला टेकवा, इग्निशन चालू ठेवून. फॅन फिरला तर पुढचं सगळं वायरिंग बरोबर, स्विच खराब किंवा चुकीचा. स्विच साधारण ९० ते ९५ अंशांना लागणारा घ्या. थर्मोस्टॅट उघडतो त्याच्या आतच लागणारा घेतला तर फॅन थांबायचं नावच घेत नाही आणि बॅटरी बसते.

फॅन फिरतो तरी गाडी तापते? रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागद धरा. वारा पुढून इंजिनाकडे जायला हवा, म्हणजे कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडाला तर फॅन उलटा फिरतो आहे, वायर अदलाबदल झाल्या असतील. फॅनभोवतीचं कव्हर नसेल तरी वारा नुसता कडेने सुटतो. आणि नवं पाणी भरल्यावर आत हवा अडकली असेल तर स्विचपर्यंत गरम पाणी पोचतच नाही, काटा वर आणि फॅन बंद. हवा काढून परत पाणी भरा.

घाटात अडकलात तर रिलेच्या ३० आणि ८७ मध्ये जाड वायरचा तुकडा टाकून फॅन थेट चालवता येतो. बाजारात पोचेपर्यंत चालेल, नंतर काढा. केबिनमध्ये कायमचा स्विच हवा असेल तर तो रिलेच्या कॉईलला जोडा, फॅनच्या मुख्य वायरमध्ये नको. इंजिन बंद असतानाही फॅन अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून काम करताना बॅटरीचा निगेटिव्ह सोडून ठेवा. मुलांना बॉनेटजवळ येऊ देऊ नका.

इंजिन बदललेल्या सर्वांनी नव्या इंजिनचा नंबर आरटीओत जाऊन आरसीवर चढवून घ्यावा. अपघात झाल्यावर विम्याच्या वेळी पहिली अडचण तिथेच येते.

संस्थेच्या ऑफिसात मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प ठेवलेले आहेत. सभासदांनी रजिस्टरवर सही करून न्यावेत, दुसऱ्या दिवशी परत आणून द्यावेत. मीटर बंद करून आणा, मागच्या वेळी सेल संपूनच आला होता.