प्लायवूडच्या टाकीतला समुद्र

ताडोबाला येणारे पाहुणे राहतात त्या घरांमध्ये अलीकडे एक नवी कल्पना बोलली जाते आहे. शहरातल्या काही हौशी लोकांनी बंगल्याच्या तळघरात स्वतः प्लायवूडच्या मोठ्या टाक्या बांधून त्यांत खारं पाणी भरलं आहे आणि समुद्रातले रंगीत मासे पाळले आहेत. मोबाइलवर ते चित्र पाहून आपल्याकडच्या बायाही विचारतात : मोहर्लीत सकाळी वाघ आणि संध्याकाळी समुद्रातला मासा दाखवता आला, तर पाहुणा आपल्याच घरी नाही का उतरणार? त्यासाठी बचत गटातून कर्ज काढावं का? गटाचा पैसा दहा घरांचा असतो. म्हणून आज आम्ही ही टाकी कशी बनते, तिच्यात काय चालतं आणि आपल्या गावात ती काय मागेल, हे सगळं नीट मांडणार आहोत.

आधी एवढं सांगतो, की ही गोष्ट होऊ शकते. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, तेव्हापासून आपल्या राज्यातल्या लोकांनी काचेमागचा समुद्र पाहिला आहे. रत्नागिरीलाही कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात समुद्री मासे बघायला मिळतात. पण ही दोन्ही ठिकाणं समुद्राला लागून आहेत. आपल्याला समुद्र घरी तयार करावा लागेल.

आता टाकी प्लायवूडचीच का? सगळी टाकी काचेची केली, तर मोठ्या मापाला जाड काच लागते आणि ती फार महाग पडते. मासे तर आपण एकाच बाजूने बघतो. म्हणून तळ आणि भिंती प्लायवूडच्या करायच्या आणि समोरच्या भिंतीत खिडकी कापून तेवढीच काच बसवायची. प्लायवूडचं शीट ८ फूट बाय ४ फूट येतं. तळाला एक शीट, लांब भिंतींना दोन आणि दोन आखूड भिंतींना मिळून एक, अशा चार शीटांत ८ फूट लांब, ४ फूट रुंद आणि अडीच फूट उंच टाकी होते. कापून उरलेल्या पट्ट्या वरच्या कडेला आडव्या लावायच्या, म्हणजे भिंती बाहेर फाकत नाहीत.

या टाकीत दोन फूट पाणी भरलं, तर ते साधारण १८०० लिटर होतं. खारं पाणी गोड्यापेक्षा थोडं जड असतं, त्यामुळे नुसत्या पाण्याचंच वजन १८५० किलोच्या आसपास जातं. त्यात दगड, वाळू आणि टाकी धरली, तर सव्वादोन टन. आपल्या जंगलातले दोन थोराड गवे एका खोलीत उभे केले, तर जेवढं वजन होईल, त्याहूनही हे जास्त आहे. शिवाय हे गवे तिथून कधी हलणार नाहीत. राहत्या घराचा स्लॅब बांधताना दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरतात. या टाकीखाली तो पावणेआठशे किलोपर्यंत जातो. म्हणून वरच्या मजल्यावर ही टाकी कधीही ठेवायची नाही. शहरातले लोक तळघर निवडतात त्याचं कारण हेच आहे. तिथली फरशी थेट जमिनीवर टेकलेली असते, ऊन येत नाही, हवा थंड राहते आणि शेवाळ कमी धरतं. आपल्याकडे तळघरं नाहीत, आणि पावसाळ्यात जमिनीला पाणी सुटतं तिथे खणून उपयोगही नाही. आपल्यासाठी जागा एकच : तळमजल्यावरची, घट्ट पायाची, उत्तरेकडची खोली.

दुसरी गोष्ट पाण्याच्या रेट्याची. तलावाची पाळ खाली रुंद आणि वर अरुंद का असते, हे आपण जाणतो. जितकं खोल जावं, तितका पाण्याचा दाब वाढतो. दोन फूट पाणी आठ फुटी भिंतीला साधारण ४६५ किलोच्या जोराने बाहेर ढकलतं. तेच पाणी चार फूट केलं, तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे १८०० किलोच्याही पुढे जातो. त्यामुळे हौसेने टाकी उंच करू नये. पसरट आणि उथळ टाकी स्वस्तात टिकते आणि माशांनाही हवा जास्त मिळते, कारण हवा पाण्यात वरच्या पृष्ठभागातूनच मिसळते.

आता सुताराला काय सांगायचं ते ऐका. प्लाय साधा नको, आयएस ७१० मार्कचा मरीन प्लाय घ्यायचा, जाडी १८ किंवा १९ मिलिमीटर. जोड नुसत्या खिळ्यांचे नकोत, डिंक लावून स्क्रूने आवळलेले हवेत. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यायचे, कारण साधं लोखंड मिठाने गंजून जातं. बाहेरून लाकडाच्या रिपांची चौकट मारायची. आतल्या कोपऱ्यांवर फायबर ग्लासचं कापड रेझिनने चिकटवायचं, होड्यांना लावतात तसं. मग सगळ्या आतल्या बाजूला दोन डब्यांत येणाऱ्या इपॉक्सीचे तीन-चार हात द्यायचे आणि प्रत्येक हात नीट सुकू द्यायचा. या कामाच्या वेळी खोलीची दारं-खिडक्या उघडी असावीत, हातात मोजे असावेत आणि लेकरं दूर असावीत.

इपॉक्सीवर एवढा भर देण्याचं कारण आहे. टाकीत लाकूड आणि पाणी यांच्यामध्ये तेवढा एकच थर असतो. सुईएवढं भोक राहिलं, तरी पाणी प्लायच्या पदरांत शिरतं, पदर फुगतात आणि ती भिंत कामातून जाते. बाहेरच्या बाजूने आपली नेहमीची उधई आहेच, त्यामुळे बाहेरूनही रंग हवा आणि टाकी जमिनीपासून विटांच्या पक्क्या ओट्यावर उचललेली हवी.

काच खिडकीच्या आतल्या बाजूने बसवतात. मग पाणीच तिला चौकटीवर दाबून धरतं. बाहेरून बसवली, तर पाणी तिला ढकलून काढेल. खिडकी पाच फूट लांब आणि दीड फूट उंच ठेवली, तर काच १२ मिलिमीटरपेक्षा पातळ घेऊ नये. कडेला मत्स्यालयासाठीचं सिलिकॉन भरून आठवडाभर सुकू द्यायचं. त्यानंतर टाकी अंगणात सपाट जागी ठेवून साध्या पाण्याने थोडी थोडी भरायची आणि आठ-दहा दिवस तशीच ठेवायची. गळती अंगणात दिसली तर पाणी झाडांना जातं. घरात दिसली तर धान्याच्या कोठीत जातं.

इथवर सुताराचं काम झालं. समुद्र अजून यायचा आहे.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १८०० लिटरला ६३ किलो. यात स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. समुद्राच्या क्षारांत साध्या मिठाचा वाटा सुमारे ८५ टक्के आहे, पण उरलेल्या भागातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांच्यावाचून समुद्रातला जीव जगत नाही. म्हणून मत्स्यालयाचं तयार क्षारमिश्रणच विकत आणावं लागतं. आपल्या बोअरच्या पाण्यात आधीच वेगळे क्षार असतात, म्हणून ते आरओमधून गाळून घ्यावं लागतं. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. पहिल्या भरण्यालाच चार-पाच हजार लिटर पाणी वाहून जाईल. ते भांडी घासायला, फरशी पुसायला वापरता येईल, पण एप्रिलमध्ये हंड्यांची रांग लागते, त्या गावात हा हिशेब आधी करायला हवा.

आणखी एक. पाणी आटतं तेव्हा मीठ मागे उरतं. म्हणून रोज आटलेलं पाणी भरताना गोडं पाणीच घालायचं. खारं घातलं, तर आमटी आटून खारट व्हावी तशी टाकी खारट होत जाईल. आणि हे पाणी तांब्याच्या घागरीने घालू नका. तांब्याचा अंश कोळंबीसारख्या जिवांना विष ठरतो. टाकीत तांब्या-पितळेचा एक स्क्रूही नसावा.

पाणी तयार झालं म्हणून लगेच मासे सोडता येत नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो आणि तो त्यांनाच मारतो. दगड-वाळूवर वाढणारे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग त्यातल्या त्यात निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. दुधाला विरजण लावून आपण वाट बघतो ना, तसंच हे आहे. घाई केली तर दूधच नासतं. मग पहिल्यांदा दोन-तीनच मासे सोडायचे. उरलेला मळ काढायला एक यंत्र असतं. ते पाण्यात बारीक बुडबुडे सोडून वर फेस आणतं आणि वरणावरचा फेस चमच्याने काढावा तसा मळ बाजूला काढतं. तरीही महिन्याला दहावा भाग, म्हणजे १८० लिटर पाणी बदलावं लागतं आणि त्याला सहा किलोंहून जास्त मिश्रण लागतं. काढलेलं खारं पाणी धानाच्या बांधीत, तुळशीत किंवा नाल्यात टाकायचं नाही. मीठ जमिनीत साचलं, की तिथे काही धड उगवत नाही.

आता आपल्या गावाचा खरा प्रश्न. या माशांना २५ ते २७ अंशांचं पाणी लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जातो. आणि पाहुण्यांची गर्दी कधी असते? त्याच एप्रिल-मेमध्ये. म्हणजे टाकी दाखवायची वेळ आणि टाकी जगवायला सर्वांत कठीण वेळ एकच आहे. पाण्यावर पंखा सोडला तर कोरड्या हवेत माठासारखं ते दोन-तीन अंश गार होतं, पण मग पाणी जास्त आटतं. त्याने भागलं नाही तर शीतयंत्र लागतं. ४०० वॅटचं यंत्र रोज १२ तास चाललं, तर महिन्याला १४४ युनिट. ४० वॅटचा पंप रात्रंदिवस चालतो, त्याचे २९ युनिट. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून दुपारी वीज गेली आणि पंप थांबला, तर काही तासांतच मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असल्याशिवाय ही टाकी सुरूच करू नये. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, म्हणून गळती होताच वीज तोडणारं स्विचही लावून घ्यायलाच हवं.

मासे कुठून आणायचे, हेही पाहायला हवं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि वाघामुळे आपल्या गावात तो लहान मुलांनाही माहीत आहे. प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकडी यांनाही २००१ पासून त्याच कायद्याचं संरक्षण आहे. दुकानदार कितीही सांगो, ते घरात आणायचे नाहीत. समुद्रातून धरलेल्या माशांपेक्षा टाकीत जन्मलेले मासे मागावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने विदूषक माशाची पैदास करण्याची पद्धत बसवली आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तर बायांचे गट शोभेची कोळंबी आणि विदूषक मासे वाढवतात. या माशाची एक गंमत सांगतो. त्यांच्या घरात सर्वांत मोठी आणि कारभारीण मादीच असते. ती गेली, की तिचा नर मादी होतो आणि घर सांभाळतो.

अगत्तीच्या बायांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. जे पाणी त्यांच्या दारात आहे, त्यातला जीव त्यांनी धरला. आपल्या दारात गोडं पाणी आहे. तीच टाकी, तेच सुतारकाम, पण गोड्या पाण्याची केली, तर ६३ किलो मिश्रण, आरओ आणि शीतयंत्र या तिन्हींचा खर्च वाचतो. मच्छीमार सोसायटीकडून रोहू-कटल्याची बोटुकली मिळतात. ती मोठी झाली, की परत सोसायटीच्या तलावात देता येतात. व्याघ्र प्रकल्पाच्या पाण्यातून मात्र मासा धरायचा नाही. मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला समुद्रातला मासा घराजवळही दिसतो. आपल्या तलावातला मासा आणि तो धरणाऱ्या ढिवर बांधवांची माहिती त्याला इथेच मिळेल.

तेव्हा आमचं म्हणणं असं : खाऱ्या टाकीसाठी गटाचं कर्ज घेऊ नका. ज्या घराला हौस आहे, स्वतःचे पैसे आहेत आणि रोज अर्धा तास देणारं माणूस आहे, त्यांनी आधी गोड्या पाण्याची टाकी बांधावी आणि एक पूर्ण उन्हाळा चालवून पाहावी. रोजचं आटलेलं पाणी, विजेचे युनिट आणि मेलेले मासे वहीत लिहून ठेवावेत. जूनमध्ये ती वही गटाच्या बैठकीत आणावी. खाऱ्या पाण्याचं काय करायचं, ते मग सगळ्या जणी मिळून आकडे बघून ठरवू.