कप वाजवून बघा

डिसेंबरात फुलंब्रीत दिवस मावळला की गारठा झोंबायला लागतो आणि जेवणं उरकली की पोरांना गरम कोको आठवतो. पातेलं चढवा, दुधावर नजर ठेवा, मग ते घासा, एवढा खटाटोप रात्री कोण करणार? ज्यांच्या घरी मायक्रोवेव्ह आहे ते कप आत ठेवून मोकळे होतात. बाहेर येतं ते पुष्कळदा भलतंच: वर तरंगणाऱ्या गुठळ्या आणि काचेच्या ताटलीत दुधाचं तळं.

गुठळ्यांचं खापर यंत्रावर फोडू नका. कोकोच्या पुडीत दहा ते चोवीस टक्के स्निग्धांश असतो, तो सहजी भिजत नाही. पूड आणि साखर कोरडीच एकत्र करून चमचा-दोन चमचे दुधात घोटावी, काळपट चकचकीत लगदा झाला की उरलेलं दूध ओतावं.

उतू जाण्याचं प्रकरण जास्त मजेशीर आहे, कारण सगळा खेळ बुडबुड्यांचा. गॅसवर पातेल्याचा तळ दुधापेक्षा गरम असतो आणि त्याच्या ओरखड्यांत दडलेल्या हवेवर वाफेचे बुडबुडे धरतात. मायक्रोवेव्हच्या 2.45 गिगाहर्ट्‌झच्या लहरी मात्र थेट दुधातल्या पाण्याचे रेणू हलवतात. चिनीमातीचा कप त्या मानाने गारच राहतो. (स्टीलचा पेला आत ठेवायचा नाही, हे सांगायला नकोच.) 200 मिलिलिटर दूध 10 अंशांवरून 70 अंशांवर न्यायला साधारण 49 किलोज्यूल लागतात, म्हणजे 800 वॉटच्या यंत्रात हिशेबाने मिनिटभर, प्रत्यक्षात थोडं जास्त. त्यापुढे रेटलं की सायीखाली वाफ कोंडते आणि दूध वर येतं.

नुसतं पाणी तापवणं याहून धोक्याचं. इथल्या उंचीवर पाणी सुमारे 98 अंशांना उकळायला हवं. पण गुळगुळीत कपात बुडबुड्याला धरायला जागाच नसली, तर ते शंभरी ओलांडूनही निवांत दिसतं. त्यात वरून कोको टाकला की पुडीच्या कणाकणावर वाफ धरते आणि उकळतं पाणी हातावर उसळतं. म्हणून पूड आधीच कालवायची, आइस्क्रीमची लाकडी काडी कपात ठेवायची, मधे थांबून ढवळायचं.

या यंत्राचा जन्मही चॉकलेटशी जोडलेला आहे. 1945 मध्ये अमेरिकेत रेथिऑन कंपनीत रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ उभ्या असलेल्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली, अशी कथा सांगतात.

पण माझ्या मते खरी गंमत कप बाहेर काढल्यावर आहे. कोरडी पूड गरम दुधात टाकून ढवळा (उकळत्या नव्हे, नुसत्या गरम) आणि लगेच चमच्याने कपाच्या तळाशी टकटक करत राहा. आवाज आधी खर्जात जातो, मग हळूहळू चढतो. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक क्रॉफर्ड यांनी 1982 मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. सूर जवळजवळ तीन सप्तकं चढू शकतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1,480 मीटर धावतो, हवेत 340. पाण्यात एक टक्का हवा बुडबुड्यांच्या रूपात मिसळली, तर हा वेग शंभर-सव्वाशे मीटरवर येतो, म्हणजे नुसत्या हवेतल्यापेक्षाही कमी! बुडबुडे पाण्याला स्प्रिंगसारखं दबतं करतात, वजन मात्र पाण्याचंच राहतं. ते वर येऊन फुटत गेले की वेग वाढतो आणि सूरही. कोको संपला असेल तर गरम पाण्यात चमचाभर मीठ टाकूनही हे ऐकू येतं. फक्त ते प्यायचं नाही.