पाळी जाता जाता

रजोनिवृत्ती म्हणजे पाळी एक दिवस बंद होणे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्याआधीची काही वर्षे बेभरवशाची जातात. एक पाळी २० दिवसांत, पुढची तीन महिन्यांनी. आणि आली की थांबत नाही. ‘या वयात व्हायचेच’ हे उत्तर शाळेच्या शिक्षक-खोलीतही ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे.

असे का होते? बीजांडकोशातील इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर वाढते. स्त्रीबीज बाहेर पडले की मागे पीतपिंड तयार होतो व तो प्रोजेस्टेरॉन स्रवतो. हे संप्रेरक अस्तराची वाढ रोखून त्याला स्थिर ठेवते. सुमारे १४ दिवसांनी पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन घटते आणि अस्तर एकदम सुटते. म्हणजे पाळीचे वेळापत्रक खरे तर प्रोजेस्टेरॉन सांभाळते. चाळिशीनंतर काही महिने स्त्रीबीज सुटतच नाही, मग प्रोजेस्टेरॉनही नाही. इस्ट्रोजेन मात्र असते, कधी नेहमीपेक्षा जास्तच. अस्तर वाढत राहते आणि तुकड्यातुकड्याने, केव्हाही गळते.

औषधांच्या बाबतीतही हेच दिसून आले. अंगातून गरम वाफा येतात म्हणून अमेरिकेत अनेक स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन देत. त्यांच्यात अस्तराचा कर्करोग कितीतरी अधिक आढळतो, हे १९७५ साली प्रसिद्ध झाले. त्यामुळे गर्भाशय असलेल्या स्त्रीला आता प्रोजेस्टेरॉनची किंवा तत्सम औषधाची जोड देतात. पाळी पुरती गेली नसेल तर ही जोड बहुधा महिन्यातून १२ ते १४ दिवसच असते. ती थांबली की ठरल्या सुमारास रक्तस्राव होतो. दोन्ही औषधे रोज दिली, तर अजून जागा असलेला बीजांडकोश मध्येच आपली भर घालतो व अवेळी डाग पडतात.

२००२ साली अमेरिकेतील १६,६०८ स्त्रियांवरची चाचणी, स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसल्याने, मुदतीआधी थांबवली गेली. या उपचाराची जगभर धास्ती बसली. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हे मागेच राहिले. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, बाकी निरोगी स्त्रीचा हिशेब आम्हाला वेगळा वाटतो. मात्र तो तिच्या डॉक्टरांनी तपासून मांडायचा, मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून नव्हे.

पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसले, तरी तपासणी हवीच. तासातासाला पॅड भिजत असेल, तर त्याच दिवशी. सोनोग्राफीने अस्तराची जाडी मोजतात, गरज पडल्यास बारीक नळीने नमुना काढतात. पंडुरोगासाठी हिमोग्लोबिनही पाहतात. यातले काहीच न करता कोणी थेट गर्भाशय काढायला सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.