आधी बिल वाचा, मग गच्ची मोजा

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगवरून तासभर वाद होतो, गळक्या ड्रेनेजवरून अर्धा तास. कॉमन विजेचं बिल मात्र ‘मंजूर, मंजूर’ म्हणत दोन मिनिटांत पुढे सरकतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आल्यापासून या दोन मिनिटांत एक वाक्य वाढलंय : “सोलर का बसवत नाही?” आठवड्याभरात कुणाच्या तरी ओळखीचा सोलरवाला गच्चीवर टेप धरून उभा असतो.

सोलर बसवावाच, पण तो कितीचा बसवायचा हे ठरवण्याची जागा गच्ची नव्हे. ती जागा म्हणजे मीटर रूम.

महावितरणच्या भागातल्या सोसायट्यांचे लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचे मीटर घरगुती दरात येतात. हे ऐकून बरं वाटतं, पण घरगुती दर टप्प्यांचे असतात : पहिली १०० युनिटं, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढची. पाचशेच्या पुढच्या युनिटाला पहिल्या शंभरातल्या युनिटाच्या जवळपास तिप्पट पैसे पडतात. चाळीस फ्लॅटची सोसायटी महिन्याला दोन-तीन हजार युनिटं सहज जाळते, म्हणजे तिच्या वापराचा मोठा भाग सगळ्यात महाग टप्प्यात पडतो. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क वेगळंच. वाचलेलं प्रत्येक युनिट या वरच्या टोकाकडून कमी होतं. सोयीसाठी त्याची किंमत १५ रुपये धरू. प्रत्यक्षात ती याहून थोडी जास्तच निघेल.

आता तळमजल्याच्या पार्किंगमध्ये चला. जुन्या इमारतीत अजूनही चोकवाल्या ट्यूबा दिसतात. ट्यूब ४० वॉटची, पण चोकसकट ती पन्नासच्या आसपास खाते. पार्किंग, जिने आणि आवार मिळून अशा साठ ट्यूबा संध्याकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत जळत असतील तर रोजची ३६ युनिटं झाली, महिन्याची १,०८०. त्याच जागी २० वॉटच्या एलईडी लावल्या की आकडा ४३२ वर येतो. महिन्याला सुमारे ६५० युनिटं, म्हणजे पावणेदहा हजार रुपये वाचले. एक पट्टी बसवणावळीसह ५०० रुपयांना धरली तरी तीस हजारांचा खर्च तीन-सव्वातीन महिन्यांत फिटतो. रात्री बारानंतर पार्किंगमध्ये फिरतं कोण? वॉचमन आणि मांजरं. तिथे हालचाल टिपणारे सेन्सर लावले की आणखी दीडशे युनिटं जातात.

लिफ्टची मोटर ही खरी खादाड, असा सगळ्यांचा समज असतो. पण लिफ्टला समतोलासाठी वजन बांधलेलं असतं, त्यामुळे मोटरला सगळा भार उचलावा लागत नाही. दुर्लक्ष होतं ते केबिनमधल्या दिव्यांकडे आणि पंख्याकडे. लिफ्ट रिकामी उभी असली तरी ते चोवीस तास चालू. दोन लिफ्टमध्ये प्रत्येकी शंभर वॉट धरले तर महिन्याची १४४ युनिटं होतात. लिफ्ट थांबली की काही मिनिटांनी दिवा-पंखा बंद करण्याची सोय बऱ्याच कंट्रोल पॅनेलमध्ये असते. मेंटेनन्सवाल्याला सांगितलं की तो ती चालू करून देतो.

पंपाची गोष्ट थोडी किचकट आहे. पाच हॉर्सपॉवरचा पंप तासाला पावणेचार युनिटं घेतो. फूट व्हॉल्व्ह गळका असेल तर आधी हवा काढण्यातच वेळ जातो. वरची टाकी भरून वाहू लागल्यावर खाली कुणी ओरडेपर्यंत पंप चालूच राहतो. मोटर दोन-तीनदा रिवाइंड केलेली असेल तर तेवढंच पाणी चढवायला ती जास्त वीज खाते. व्हॉल्व्ह बदलून टाकीला लेव्हल कंट्रोलर बसवला आणि रोजचा एक तास वाचला तरी महिन्याची शंभराहून जास्त युनिटं कमी होतात. शिवाय स्मार्ट मीटर लागलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे सवलत मिळते. पहाटे पाचला पंप सुरू करण्याची वॉचमनची सवय तेवढी मोडायला हवी.

ही सगळी बेरीज हजार युनिटांच्या घरात जाते आणि इथेच सोलरच्या हिशोबाशी गाठ पडते. आपल्याकडे एक किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटं देतो, महिन्याला १२०. बिल ३,००० युनिटांचं दिसलं की सोलरवाला २५ किलोवॉटचं कोटेशन देणार. त्याचं गणित चुकलेलं नसतं, त्याला बिलच तसं दाखवलेलं असतं. वापर आधीच २,००० वर आणला असेल तर १६-१७ किलोवॉट पुरतात. किलोवॉटला पंचावन्न हजार धरले तर आठ किलोवॉटचे साडेचार लाख वाचले. सोसायट्यांना कॉमन वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, ते वजा केलं तरी तीन लाख उरतात. एका किलोवॉटला सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा लागते, म्हणजे पापड-कुरडया वाळवायला आठशे फूट गच्चीही मोकळी राहिली.

“जास्त बसवू, उरलेली वीज विकू” हा युक्तिवाद सभेत हमखास येतो. नेट मीटरिंगमध्ये उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात. एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात कामाला येते, कारण जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे उत्पादन निम्म्यापर्यंतही घसरतं. पण ३१ मार्चला जी शिल्लक राहते तिचे पैसे ठरावीक दराने मिळतात आणि तो दर आपण भरतो त्या दराच्या जवळपासही नसतो. विकण्यासाठी वीज तयार करणं हा सोसायटीचा धंदा नाही. शेवटचे किलोवॉट तसेही स्वस्त टप्प्यातली युनिटं वाचवतात, त्यामुळे त्यांचा खर्च उशिरा फिटतो. बिल पूर्ण शून्य तर कधीच होत नाही, स्थिर आकार राहतोच.

आणखी एक गैरसमज सभेतच दूर करावा : वीज गेल्यावर सोलर चालत नाही. बॅटरी नसलेला संच ग्रिड बंद पडताच स्वतःही बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ती तरतूद आहे. सोसायटीच्या संचाने तुमच्या फ्लॅटचं बिलही कमी होत नाही. त्यासाठी घरातल्या ७५ वॉटच्या पंख्याऐवजी तीसेक वॉटचा बीएलडीसी पंखा लावा. दिवसाला पंधरा तास चालणारा एक पंखा महिन्याला वीस युनिटं वाचवतो.

गच्चीवरची खरी लढाई असते वरच्या मजल्यावरच्या सभासदांशी आणि ते बहुतेकदा बरोबर असतात. स्लॅबमध्ये बोल्ट ठोकून सांगाडा उभा केला की वॉटरप्रूफिंग फुटतं आणि पहिल्या पावसात त्यांच्या छतावर ओल उमटते. स्लॅबला भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करता येतो, मात्र ठोकळ्यांचं वजन वाऱ्याच्या हिशोबाने ठरवावं लागतं. जून २०२० मधल्या निसर्ग वादळात कोकणातले पत्रे कसे उडाले ते आठवत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचा आराखडा मागण्यात कुणाला कमीपणा वाटू नये.

सावली हा दुसरा शत्रू. लिफ्टची केबिन, पाण्याच्या टाक्या, शेजारचा टॉवर. एका ओळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली पडली तरी पूर्ण ओळीचं उत्पादन खाली येतं. म्हणून डिसेंबरमध्ये सकाळी नऊ आणि दुपारी चार वाजता गच्चीचे फोटो काढून ठेवा. सूर्य दक्षिणेला कललेला असताना सावल्या सर्वात लांब पडतात. धूळ साचते, म्हणून पंधरवड्याने धुणं आलं, आणि बोअरच्या जड पाण्याने धुतलं तर काचेवर पांढरे डाग धरतात.

तीन-चार वर्षांत इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार असेल, तर माझं मत स्पष्ट आहे : सोलरचा नाद सोडा. दिवे, सेन्सर, व्हॉल्व्ह एवढंच करा, ते वर्षाच्या आत वसूल होतं. इमारत उभी राहणार असेल आणि गच्चीवर ऊन असेल, तर सोलर टाळणं हाच तोट्याचा सौदा. पॅनेलच्या उत्पादनाची हमी साधारण पंचवीस वर्षांची असते. इन्व्हर्टर मात्र मधे एकदा बदलावा लागेल, ती रक्कम आजच हिशोबात धरा. पैसे नसतील तर कंपनी स्वखर्चाने संच बसवते आणि सोसायटी तिला युनिटमागे ठरलेला दर देते, असाही करार होतो. त्यात दरवर्षीची दरवाढ किती आणि करार मोडायचा झाला तर काय, ही दोन कलमं वाचल्याशिवाय सही करू नये.

कोटेशन घेताना बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा आणि संच कोणत्या मीटरला जोडणार ते लेखी घ्या. विंगवार तीन मीटर असतील तर एकाला जोडलेला संच बाकी दोघांचं बिल आपोआप कमी करत नाही. अनुदानासाठी देशात बनलेलेच पॅनेल लागतात आणि कंत्राटदार योजनेत नोंदलेला असावा लागतो. अनुदान संच सुरू झाल्यानंतर जमा होतं. त्यामुळे काहीही झालं तरी नेट मीटर बसून पहिलं बिल हातात येईपर्यंत कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता देऊ नका.