गुप्तेश्वर मंदिर, धारासूर

गुप्तेश्वर मंदिर हे परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील धारासूर गावी, गोदावरीच्या काठी असलेले मध्ययुगीन मंदिर आहे. शैलीवरून त्याचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. चे १२ वे–१३ वे शतक मानला जातो. लोकव्यवहारात त्यास 'हेमाडपंती' म्हणतात. तथापि हेमाद्री हा यादव राजे महादेव व रामचंद्र यांचा मंत्री, म्हणजे १३ व्या शतकाच्या उत्तरार्धातला. मराठवाड्यातील अनेक 'हेमाडपंती' मंदिरे त्याच्या आधीची आहेत.

मूळ देवता

आज येथे शिवाची पूजा होते. बाह्यभिंतींवर मात्र विष्णूच्या चोवीस रूपांच्या मूर्ती असल्याने हे मूळचे विष्णुमंदिर असावे, असे अभ्यासक मानतात. संध्येच्या आरंभी उच्चारली जाणारी केशव, नारायण, माधव इत्यादी चोवीस नावे या रूपांचीच होत. मुद्रा, मुकुट सारखेच. भेद केवळ शंख, चक्र, गदा व पद्म यांच्या क्रमाचा. चार हातांत चार आयुधे चोवीसच प्रकारे देता येतात. मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा असे वाचत गेल्यास पद्म, शंख, चक्र, गदा हा क्रम केशवाचा. गदा, चक्र, शंख, पद्म हा माधवाचा.

वास्तू व जतन

मंदिर दगडी असून शिखर विटांचे आहे. विटांमुळे भिंतींवरचा भार हलका होतो. मराठवाड्यातील बहुतेक समकालीन मंदिरांची शिखरे नष्ट झाली असल्याने या शिखराचे मोल विशेष आहे.

गोदाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा जमिनीवरील जड दगडी बांधकामाचा पाया असमान खचतो व सांधे उघडतात. तेथे नुसत्या भेगा बुजवून भागत नाही. दगडांवर क्रमांक घालून ते उतरवावे लागतात आणि पाया सुधारून पुन्हा त्याच जागी रचावे लागतात. विष्णुरूपे कोरलेल्या भिंतीच्या बाबतीत हे काम अधिकच जोखमीचे ठरते. दगडांची अदलाबदल झाल्यास रूपांचा मूळ अनुक्रम कायमचा हरवतो. भंगलेल्या हातात अंदाजाने आयुध बसविले, तर मूर्तीचे नावच बदलते. म्हणून तुटलेला हात तसाच ठेवणे आणि उतरविण्यापूर्वी प्रत्येक मूर्तीची आयुधे छायाचित्रासह नोंदविणे इष्ट होय.