तुशिनची गैरहजेरी

टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’ची एक संक्षिप्त आवृत्ती परवा हाती पडली, आणि तीत नताशाचे नृत्य शाबूत असून कप्तान तुशिन मात्र समूळ गाळला आहे हे पाहून आमचा तिळपापड झाला. १८६९ साली ग्रंथ पूर्ण झाल्यापासूनचा टीकेतिहास येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. त्यातील पुष्कळसा नेपोलियनच्या पायी खर्ची पडला. आम्हांला आठवते ते १९७० नंतरचे दशक, जेव्हा मॉस्कोत छापलेली पुस्तके कवडीमोलाने मिळत आणि चर्चामंडळांत रात्री जागत. तेथे एका पक्षाचे प्राध्यापक सरदारांच्या अंतर्द्वंद्वाखाली उतरण्यास तयार नसत, तर दुसऱ्या पक्षाचे क्रांतिवीर तुशिनला शोषितांचा प्रतिनिधी ठरवून मोकळे होत. तो सैन्याचा सनदी अंमलदार आहे, ही क्षुल्लक बाब त्यांना अडचणीची होती.

वास्तविक १८०५ च्या शोनग्राबर्नच्या लढाईत त्याच्या चार तोफांच्या रक्षणार्थ ठेवलेली तुकडी ऐन रणधुमाळीत कोणाच्या तरी हुकुमाने उठविली गेली, माघारीचा निरोप आणणारा अंमलदार गोळा सणसणत जाताच घोडा वळवून पळाला, तासाभरात चाळीसांपैकी सतरा गोलंदाज निकामी झाले, आणि तरीही हा ठेंगणा, आखूड चिलीम ओढणारा गृहस्थ एका जुन्या तोफेला मनातल्या मनात ‘मात्वेव्हना’ म्हणत मारा करीतच राहिला. त्या रात्री सेनापती बाग्रातिओन तोफ मागे का टाकली म्हणून जाब विचारतो, तेव्हा रक्षक तुकडी नव्हतीच, एवढे एक सत्य वाक्य त्याची सुटका करण्यास पुरेसे असते. परंतु दुसरा अंमलदार अडचणीत येईल या भयाने तो परीक्षेत चुकलेल्या विद्यार्थ्यासारखा गप्प उभा राहतो, आणि दिवसाचे यश मुख्यतः याच माणसाचे, ही साक्ष प्रिन्स आंद्रेईला द्यावी लागते. आमच्या मंडळांतील दोन्ही पक्षांनी हे मौन वाचलेच नाही. बोलण्यावर ज्यांचा निर्वाह, त्यांना ते दिसावे तरी कसे? आज तर दूरचित्रवाणीच्या गारव्यात बसून रोज संध्याकाळी तोफा डागणाऱ्यांचा सुकाळ आहे.

१८०७ मध्ये तुशिन पुन्हा भेटतो तो इस्पितळात, एक हात गमावलेला, आणि तेथेही सहरुग्ण देनिसोवला बादशहाकडे अर्ज करण्याचा सल्ला देत असतो. संक्षेपकारांना काटकसरच करावयाची होती, तर उपसंहारातील इतिहासमीमांसेला कात्री लावावयाची होती, कारण सेनापतींच्या हुकुमांनी इतिहास घडत नाही, हा तेथे पानोपानी घोळविलेला सिद्धांत बाग्रातिओनच्या झोपडीत अर्ध्या पानात उरकलेला आहे. पण तत्त्वज्ञानाला हात लावण्याची छाती कोणाची?