गुडघ्याखालचे दोर

अलिबागच्या समुद्राला ओहोटी लागली की किनारा आणि कुलाबा किल्ला यांच्यामधली वाळू उघडी पडते आणि घोडागाड्या भरू लागतात. पुढची भरती यायच्या आत जाऊन परतायचे असते, त्यामुळे सगळे घाईत. 1680 मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला, संभाजी महाराजांच्या काळात पुरा झालेला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे बनलेला हा किल्ला; त्याच्यावर लिहिणाऱ्यांची वाण नाही. प्रवासीही बसल्या जागेवरून त्याच्याच तटाकडे पाहत असतात. गाडीपुढच्या प्राण्याच्या पायांकडे सहसा कोणी पाहत नाही. पाहिले, तर एक विचित्र गोष्ट ध्यानात येईल: मांड्या आणि खांदे भरलेले असतात, पण गुडघ्याच्या खाली पाय एकदम काटकुळा होतो. तिथे मांस जवळजवळ नाहीच.

हा काही आपल्याकडच्या घोड्यांच्या उपासमारीचा पुरावा नव्हे. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरच्या लाखमोलाच्या घोड्याचाही पाय असाच असतो. गुडघ्याखाली असतात ती हाडे, त्यांना बांधणारे अस्थिबंध, वरच्या स्नायूंपासून खुरापर्यंत उतरलेल्या कंडरा आणि कातडी. स्नायू म्हणजे आकुंचन पावून जोर लावणारे मांस. कंडरा म्हणजे तो जोर हाडापर्यंत पोचवणारा चिवट दोर. आणि अस्थिबंध म्हणजे हाडाला हाड जखडणारा दोर. बोलीत दोन्ही दोरांना सरसकट ‘शीर’ म्हणतात. नाव काहीही द्या, घोड्याचा खालचा पाय चालतो तो याच दोरांच्या भरवशावर.

आधी एक घोटाळा निस्तरू. घोड्याच्या पुढच्या पायाचा जो ‘गुडघा’ आपण म्हणतो, ते खरे तर आपले मनगट. मागच्या पायाला उलट्या बाजूला वाकलेला जो टोकदार सांधा दिसतो, ती आपली टाच. खऱ्या अर्थाने गुडघा म्हणावा तो पोटाजवळ, मांडीच्या मांसात लपलेला असतो. म्हणजे घोडा एकाच बोटाच्या, मधल्या बोटाच्या, टोकावर उभा आहे आणि खूर ही त्या बोटाची नखी. साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच्या कुत्र्याएवढ्या पूर्वजाला पुढच्या पायांना चार-चार बोटे होती. पुढे ती एकेक करून गेली. शेजारच्या दोन बोटांच्या खुणा आजही नळीच्या हाडाला चिकटलेल्या बारीक कांड्यांच्या रूपात सापडतात.

बोटे गेली तसे मांसही वर सरकले. याचे कारण साधे आहे. पाय पुढे-मागे झुलवताना त्याच्या खालच्या टोकाशी जितके वजन कमी, तितकी झुलवायला कमी ताकद लागते. म्हणून इंजिन वर, पाठीमागे आणि खांद्यात. खाली फक्त दोर. गाडी ओढताना खरा रेटा येतो तो पुठ्ठ्याच्या आणि मांडीच्या मागच्या स्नायूंतून. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्याच्या वजनात निम्म्याहून जास्त वाटा स्नायूंचाच असतो; इतर जातींत तो थोडा कमी. या सगळ्या मांसाचा जोर शेवटी ज्या दोरांतून जमिनीला लागतो, त्यांतला एकेक दोर जेमतेम अंगठ्याच्या जाडीचा असतो.

नळीच्या हाडामागे बोट फिरवले तर हे दोर वेगवेगळे हाताला लागतात. सर्वांत मागे, कातडीलगत, वरवरची आकुंचक कंडरा. तिच्या पुढे, आत, खुरातल्या हाडापर्यंत जाणारी खोल आकुंचक कंडरा. आणि हाडाला अगदी चिकटून एक जाड अस्थिबंध, जो खुराच्या वरच्या गाठीसारख्या सांध्याला, म्हणजे घोट्याला, मागून झेलून धरतो. हा अस्थिबंध मुळात स्नायू होता. उत्क्रांतीत त्याचे मांस जवळजवळ संपले आणि दोर उरला. पाय टेकल्यावर घोडा घोट्यात वाकतो, घोटा जमिनीकडे झुकतो आणि हे दोर ताणले जातात. पाय उचलताना ते आखडतात आणि ताणताना साठवलेली बरीचशी ऊर्जा परत देतात. घोडा धावतो त्यातला मोठा भाग असा फुकटात मिळतो.

पण फुकटाची किंमत आहे. घोडा सावकाश चालताना वरवरची कंडरा सुमारे 3 टक्के लांबते. भरधाव दौडीत तीच 16 टक्क्यांपर्यंत ताणलेली मोजली गेली आहे. प्रयोगशाळेत अशी कंडरा ओढत नेली, तर ती 12 ते 21 टक्क्यांच्या दरम्यान तुटते. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. पूल बांधणारा अभियंता सोसेल त्याच्या कितीतरी कमी भार धरून हिशेब करतो. निसर्गाने इथे तसे काहीच राखून ठेवलेले नाही. शिवाय साठवलेल्या ऊर्जेपैकी थोडी उष्णता होऊन आतच राहते. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दौडणाऱ्या घोड्याच्या कंडरेच्या गाभ्यात 45 अंश सेल्सिअसपर्यंत तापमान नोंदले गेले. इतर बहुतेक पेशी या तापमानाला तग धरत नाहीत. कंडरेतल्या पेशी धरतात, पण किती वेळा, हा प्रश्न उरतोच.

पुढच्या पायांची गोष्ट आणखी निराळी. घोड्याला गळपट्टीचे हाड नाही. त्याचे पुढचे पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेलेच नाहीत. बरगड्यांपासून खांद्याच्या पात्यापर्यंत गेलेल्या पंख्यासारख्या स्नायूंच्या झोळीत छाती टांगलेली असते. शरीराचे सुमारे 60 टक्के वजन याच दोन पायांवर येते. धावताना हा पाय झपकन पुढे कसा येतो याचा उलगडा 2003 मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी केला. पुढच्या पायाच्या वरच्या भागातल्या एका स्नायूमधून आरपार एक दोर जातो. पाय जमिनीवर असताना तो हळूहळू ताणला जातो आणि पाय सुटला की एका झटक्यात आखडतो. संशोधकांनी त्याला गलोलच म्हटले आहे.

आता वाळूकडे येऊ, कारण अलिबागच्या घोड्याचे सगळे गणित तिथे आहे. ओहोटीने नुकती उघडी पडलेली, पाण्याने घट्ट बसलेली वाळू आणि सुरूच्या झाडांलगतची कोरडी, भुसभुशीत वाळू ही एकाच किनाऱ्यावरची दोन वेगळी राज्ये. फ्रान्समध्ये गाडी ओढणाऱ्या शर्यतीच्या घोड्यांवर समुद्रकिनारी प्रयोग झाले. खुरांना बलमापक नाल ठोकून घट्ट ओली वाळू आणि खोल ओली वाळू यांची तुलना केली गेली. 2010 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. खोल वाळूत पायावर येणारा सर्वाधिक उभा दाब कमी होतो, पण पावले आखूड आणि जलद पडतात. म्हणजे हिसका कमी आणि मेहनत जास्त. दोर जी ऊर्जा परत देणार, ती वाळू गिळून टाकते. मग ती भरून काढायला पुठ्ठ्याचे स्नायू जुंपावे लागतात. त्यात गाडीची चाके रुततात तो भार वेगळाच.

माझ्या मते धोका भारापेक्षा थकव्यात आहे. दमलेला स्नायू आपल्याला दिसतो: घोडा घामाने निथळतो, नाकपुड्या फुलतात. दोर दमल्याचे मात्र सांगत नाही. आकुंचक कंडरांच्या वरच्या टोकाला जे मांस आहे त्याचे तंतू जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे. पाय आपटताना दोरांत उठणारी थरथर ते जिरवतात. स्नायू थकले की ही राखण ढिली पडते, घोटा अधिक खाली झुकतो आणि ताण थेट दोरावर जातो. वयात आलेल्या घोड्याच्या कंडरेत झालेली सूक्ष्म इजा नीट भरूनही येत नाही. ती साचत जाते. ओहोटीच्या थोड्या तासांत जास्तीत जास्त फेऱ्या मारण्याचा जो आटापिटा दिवाळी-नाताळच्या गर्दीत चालतो, त्याचा हिशेब म्हणूनच त्या दिवशी लागत नाही. काही महिन्यांनी एखादे दिवशी पाय धरतो आणि घोडेवाला म्हणतो, ‘काल तर बरा होता!’

याच किनाऱ्यावर घोडे समुद्रातून आले, हे आज कुणाला सांगावे लागते. चौल हे अरबस्तान-इराणकडून येणाऱ्या घोड्यांचे जुने बंदर. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफानासी निकितिन 1469 च्या सुमारास होर्मुझहून एक घोडा घेऊन सहा आठवड्यांच्या प्रवासानंतर चौलला उतरला आणि पालीवरून जुन्नरला गेला. तिथल्या सुभेदाराने, असदखानाने, घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. एका खुरासानी अमीराने मध्यस्थी केल्यावर तो सुटला; पुढे बिदरला निकितिनने तो विकला. या देशात घोडे निपजत नाहीत, आणि त्यांना हरभरे व साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी चारतात, अशी नोंद त्याने केली आहे. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे, आणि नर्गिसच्या 1957 च्या ‘परदेसी’ या चित्रपटाची गोष्ट ती हीच.

सहा आठवडे हलत्या गलबतावर घोडा उभा कसा राहिला? इथेही उत्तर दोरांतच. उभा घोडा स्नायूंच्या ताकदीवर उभा नसतो. पुढच्या पायात कंडरांना हाडाशी जखडणारे आणखी दोन अस्थिबंध आहेत. अंगाचे ओझे आले की ते ताठ होतात आणि पाय आपोआप ताठ राहतो. मागच्या पायात तर चक्क कडीच आहे. मांडीच्या हाडाच्या आतल्या कंगोऱ्यावर गुडघ्याची वाटी आणि तिचा एक अस्थिबंध जाऊन अडकतात. त्या एका सांध्याला आळा बसला की टाचेचा सांधाही हलू शकत नाही, कारण दोन्ही सांधे पुढून-मागून दोन दोरांनी एकमेकांना बांधलेले आहेत. घोडा तिरपा उभा राहून एक मागचा पाय नुसता टेकवतो तेव्हा दुसऱ्या पायाची कडी लागलेली असते. मात्र या यंत्रणेवर डुलकी मिळते, पुरी झोप नाही. गाढ, स्वप्नांची झोप आली की सगळे स्नायू सैल पडतात, म्हणून त्यासाठी रोज थोडा वेळ का होईना, अंग जमिनीला टेकावे लागते. निकितिनच्या घोड्याला ते जहाजात कितपत साधले असेल, याचा अंदाज करणे अवघड नाही.

मानेच्या वरून, डोक्यामागून खांद्यापर्यंत, आणखी एक पिवळसर लवचीक दोर जातो. जड डोके तोलून धरण्याच्या कामातला, चालताना, निम्म्याहून अधिक भार तो उचलतो असे मोजमाप आहे. डोके वर बांधून ठेवलेला घोडा रुबाबदार दिसतो खरा, पण त्याच्या मानेचे हे फुकटचे काम थांबते आणि स्नायूंना ते सोसावे लागते. रुबाबासाठी लगाम आखडून बांधणाऱ्यांनी हे ऐकावे.

एक विषयांतर. अलिबागेत चुंबकीय वेधशाळा आहे, ती घोड्यांमुळे. किंवा घोडे गेल्यामुळे म्हणा. मुंबईत 1874 पासून घोड्यांची ट्राम होती, कंपनीने सुमारे 900 घोडे पाळले होते. घोड्याच्या कंडरा कितीही ताणल्या तरी मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकसुई हलत नव्हती. ट्रामला वीज जोडायचे ठरले, तसा सुईला धोका निर्माण झाला आणि डॉ. नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली ती वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला आली. विजेची ट्राम 1907 मध्ये धावली. याच काळात, 1886 मध्ये, परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रस्त्यावर जुंपलेल्या जनावरांचे शहर होते ते, कामाची वाण नव्हती.

दोर दुखावला की उपाय काय? आपल्याकडे शतकानुशतके एकच: तापल्या लोखंडाचा डाग. युरोपातही हेच चालत असे. 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासाने डागण्या देण्याचा दुखावलेल्या कंडरेला काही फायदा होत नाही असे दाखवून दिले. जो घोडा डागल्यावर बरा झाला, तो डागल्यामुळे सक्तीने मिळालेल्या विश्रांतीने झाला. फाटलेल्या जागी येणारे नवे तंतू मूळचे नसतात. वणच तो, कमी लवचीक, आणि पुन्हा फाटायला तयार. त्यामुळे सूज-गरमी दिसताच गार पाणी, पट्टी, पशुवैद्याकडून सोनोग्राफी, आणि मग महिन्यागणिक वाढवत नेलेली सावकाश चाल. पूर्ववत व्हायला नऊ महिने ते वर्षभर. रोज कमावणाऱ्या घोडेवाल्याला वर्षभराची रजा परवडत नाही, हा खरा आजार आहे. समुद्राच्या पाण्यात घोडा उभा करण्याची किनाऱ्यावरची पद्धत चुकीची नाही. पाण्याचा दाब सूज उतरवतो. मात्र आपला समुद्र उन्हाळ्यात कोमटच असतो, त्यामुळे थंडाव्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला माथेरान. 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट तिथे चढले, तेव्हापासून आजतागायत तिथे वाहतुकीत घोड्याला जागा आहे. तिथली जमीन वाळूसारखी गिळणारी नाही. लाल मातीचा उतार आहे. उतरताना वजन पुढे झुकते आणि आधीच जड असलेले पुढचे दोन पाय अधिक सोसतात. रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यात घोड्याच्या पायाच्या बाजूने सांगायचे तर इतकेच: घसरणाऱ्या खुराला सावरताना जो हिसका बसतो, तो दोरालाच बसतो.

अलिबागला किल्ल्याकडे गाडीने जाणाऱ्याने बसण्याआधी घोड्याच्या पुढच्या पायांच्या मागची बाजू पाहावी. नळीच्या हाडामागची रेघ सरळ असावी. तिथे फुगवटा दिसला, किंवा एका पायाची जागा दुसऱ्यापेक्षा गरम लागली, तर त्या गाडीत बसू नये. परवाने देणाऱ्यांनीही वर्षाला एकदा हीच जागा पशुवैद्याकडून तपासून घ्यायला हरकत नाही. त्याला खर्च फारसा येत नाही.